‘फरक पडला नाही’ हेही संशोधनच, मग ते आपल्यापर्यंत का पोचत नाही?

शुभदा_के

२०२१ च्या एप्रिलमधले, करोनाच्या दुसऱ्या लाटेतले व्हॉट्सॲपवरचे निरोप आठवतात? ‘ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा.’ ‘रेमडेसिवीर कुठे मिळेल, पेशंट ऑक्सिजनवर आहे.’ आपण सगळ्यांनी ते पुढे पाठवले, ओळखीपाळखी काढल्या, अनोळखी माणसांसाठी रात्री-अपरात्री फोन केले. त्या मायेबद्दल मला आदरच आहे. बोलायचं आहे ते त्या एप्रिलच्या आधीच्या सहा-सात महिन्यांबद्दल.

मी पुण्यात औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते. म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

प्लाझ्मा म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रवभाग. त्याने फरक पडतो का याचं उत्तर तेव्हा मिळालेलं होतं, आणि तेही आपल्याच देशात. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ३९ सरकारी आणि खासगी रुग्णालयांत ‘प्लासिड’ ही चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ४६४ रुग्ण. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि प्लाझ्मा, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरायचं. २८ दिवसांनी हिशोब केला तेव्हा आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा घेतलेल्या २३५ मध्ये ४४ होते आणि न घेतलेल्या २२९ मध्ये ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. सप्टेंबरमध्ये निकाल खुला झाला, ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. देशाच्या उपचार-सूचनांतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. मधल्या काळात दुसरी लाट शिखर गाठून गेली.

रेमडेसिवीर या विषाणूविरोधी औषधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेची ‘सॉलिडॅरिटी’ चाचणी ३० देशांतल्या ४०५ रुग्णालयांत झाली, अकरा हजारांवर रुग्ण होते. भारतातल्या कामाचा समन्वय भोसरीच्या ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) या संस्थेकडे होता, म्हणजे अगदी आपल्या दारात. १५ ऑक्टोबर २०२० ला हंगामी निकाल आला: रेमडेसिवीर दिलेल्या २७४३ पैकी ३०१ मृत्यू, न दिलेल्या २७०८ पैकी ३०३. आधीच्या एका चाचणीत बरं व्हायला लागणारा काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आला होता हे खरं, पण जीव वाचतो असं तिच्यातूनही ठामपणे म्हणता येत नव्हतं. २० नोव्हेंबरला संघटनेने दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला. आणि एप्रिलमध्ये आपल्याकडची माणसं त्यासाठी उन्हात रांगा लावून उभी होती, दागिने गहाण टाकत होती.

तिसरं औषध डेक्सामेथासोन, हे एक स्टेरॉइड. ते खरंच उपयोगी ठरलं, म्हणून त्याची बातमी सगळीकडे पोचली. पण अर्धीच. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र औषध न दिलेल्यांत १४ टक्के मृत्यू आणि दिलेल्यांत जवळजवळ १८. औषध एकच, निकाल तीन. लोकांपर्यंत पोचलं एवढंच, की ‘स्टेरॉइडने करोनात जीव वाचतो’.

माझं म्हणणं असं आहे. ‘उपयोग होतो’ हे वाक्य कोणाला, कधी आणि किती हे सांगितल्याशिवाय अपुरं असतं. आणि ‘उपयोग झाला नाही’ हा निकालही तितक्याच ठळकपणे छापला गेला पाहिजे, कारण त्यावर माणसांचे पैसे, वेळ आणि कधी कधी प्राण अवलंबून असतात. हे मराठीत का घडत नाही? जे या कामात आहेत, ज्यांच्या घरी हे घडलं, त्यांनी लिहावं.

अभंग_वाचक

ताई, लेख पटला. पण घरातल्या माणसाच्या बाजूने एक सांगतो. माझ्या थोरल्या भावासाठी मी प्लाझ्मा शोधत होतो. तेव्हा कोणी येऊन सांगितलं असतं की १९ टक्के आणि १८ टक्के, तरी मी थांबलो नसतो. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाला हातपाय हलवायला काहीतरी लागतं. आत जाता येत नाही, तोंड बघता येत नाही. निदान रक्तपेढीत तरी जाता येतं.

भाऊ बरा झाला. वहिनी आजही त्या दात्याला दर राखीपौर्णिमेला फोन करते. आता तिला मी काय सांगू?

गावचा_डॉक्टर

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. शुभदाताईंनी तिसरी गोष्ट थोडक्यात आटोपली, ती मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तिचे परिणाम आम्ही पाहिले.

‘रिकव्हरी’तला डोस दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर काय असायचं? ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड. ऑक्सिजन ९७, तरी स्टेरॉइड. सीटी स्कॅनचा स्कोअर जेमतेम पाच आला तरी स्टेरॉइड. कुठे दोन-दोन आठवडे. लोक जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घ्यायचे आणि शेजारच्यालाही द्यायचे. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झुंजत असतं, त्या वेळी स्टेरॉइड प्रतिकारशक्तीच दाबतं. फायदा होतो तो पुढच्या टप्प्यावर, जेव्हा तीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुप्फुसांना इजा करायला लागते. म्हणून ‘ऑक्सिजन लागल्यावर’ ही अट. ती अट म्हणजेच त्या संशोधनाचा गाभा होता आणि नेमकी तीच गळून पडली.

शिवाय स्टेरॉइडने साखर चढते. मराठवाड्यात मधुमेह कोणाला आहे आणि कोणाला नाही हे निम्म्या लोकांना स्वतःलाच ठाऊक नसतं. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण यायला लागले. गाल बधिर, डोळा सुजलेला, टाळूला काळा डाग. काहींचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा. बुरशीवरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी पुन्हा रांगा. म्युकरला स्टेरॉइड हे एकच कारण नव्हतं, करोना स्वतःही साखर बिघडवतो. पण बेहिशेबी स्टेरॉइड आणि न तपासलेली साखर यांनी केलेलं नुकसान मी विसरू शकत नाही.

अजून एक. ‘तुम्ही रेमडेसिवीर का लिहून देत नाही? पैशाचं बघू नका’ असं म्हणत दहा माणसं समोर उभी असताना नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. त्या वेळी टेबलावर ठेवायला मराठीत एक पान हवं होतं. सरकारी शिक्का असलेलं, रेमडेसिवीरने काय होतं आणि काय होत नाही ते सोप्या शब्दांत सांगणारं. ते माझ्याकडे आलं नाही. इंग्रजी परिपत्रकं ढीगभर आली.

रानवारा

+१. त्या शेवटच्या परिच्छेदासाठी डॉक्टरांचे आभार.

शुभदा_के

@अभंग_वाचक, वहिनींना काहीही सांगू नका. त्या दात्याने सच्चेपणाने रक्त दिलं आणि भाऊ घरी आले, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पण तुमच्या प्रतिसादामुळे मला एक हिशोब मांडावासा वाटतो. ‘प्लासिड’मध्ये प्लाझ्मा घेतलेल्या २३५ पैकी ४४ जणांचं बिघडलं. म्हणजे १९१ जणांचं बिघडलं नाही. त्या १९१ घरांपैकी बहुतेकांना मनापासून वाटणार की प्लाझ्मामुळे आपलं माणूस वाचलं. दुसऱ्या गटातल्या २२९ पैकी १८८ जण प्लाझ्माशिवाय तसेच सावरले. त्या १८८ घरांत कोणालाच वाटणार नाही की ‘प्लाझ्मा न घेतल्यामुळे वाचलो’. गोष्ट सांगणारी १९१ घरं, आणि सांगण्यासारखं काही नसलेली १८८. ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त पहिली बाजू येते.

तुलनेचा गट लागतो तो यासाठी. डॉक्टरांच्या अनुभवावर अविश्वास म्हणून नव्हे. अतिशय चांगल्या डॉक्टरलाही एका रुग्णाकडे पाहून हे कळू शकत नाही, कारण त्याच रुग्णाला प्लाझ्मा दिला नसता तर काय झालं असतं हे कोणाला दिसणार?

बातमीदार

एका जिल्हा दैनिकात बरीच वर्षं आहे. आमच्या बाजूने कारणं सांगतो. सबबी म्हणून नाही, कारणं कळल्याशिवाय बदल होत नाही म्हणून.

आरोग्याची बातमी आमच्याकडे तीन वाटांनी येते. रुग्णालयाचं प्रसिद्धिपत्रक, मंत्री किंवा जिल्हाधिकाऱ्यांची पत्रकार परिषद, आणि वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी. पहिल्या दोन वाटांनी ‘उपयोग झाला नाही’ कधीच येत नाही. कुठलं रुग्णालय पत्रक काढेल की आम्ही अमुक उपचार करून पाहिला, फरक पडला नाही? तिसऱ्या वाटेने येतं, पण रात्री नऊनंतर, ओळीने चार आंतरराष्ट्रीय बातम्यांमध्ये. डेस्कवरच्या मुलाला तासाभरात पान लावायचं असतं. मूळ कॉपीत सातव्या परिच्छेदात ‘ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांत लाभ दिसला नाही’ असं असतं. बातमीला जागा चार परिच्छेदांची. कात्री खालून लागते.

शिवाय बातमीला चेहरा लागतो. प्लाझ्मा देणारा तरुण, घरी परतलेले आजोबा, हार, टाळ्या, फोटो. ‘फरक पडला नाही’ला फोटो कुठून आणू? मी हे संपादकांशी बोललो आहे. त्यांचं म्हणणं, वाचकाला आशा हवी असते. मला ते पूर्ण पटत नाही. वाचकाला पैसे वाचवायचे असतात, फसायचं नसतं, आणि त्याला तसं सांगितलं तर तो वाचतो.

मात्र संशोधकांनाही माझं सांगणं आहे. निकाल आल्यावर मराठीत अर्धं पान लिहून द्या. पुण्या-मुंबईत एवढ्या संस्था आहेत. त्यांच्या इमारतीचं उद्घाटन आम्हाला मराठीत कळवलं जातं, शोधनिबंध मात्र इंग्रजीतच राहतो.

दर्यावर्दी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं, १२ मिलिग्रॅम पाच दिवस. मूळ औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं की करोनावर याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनीही जाहीरपणे हाच इशारा दिला.

पण वाड्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत काय पोचलं? मंत्र्यांची घोषणा. ट्विटरवर कोण काय म्हणालं ते नाही. माझी आई गोळ्या मिळवायला फार्मसीत जाऊन आली, आणि लस घ्यायची राहू दे म्हणाली, कारण ‘आता गोळी आलीय ना’. मला भीती वाटली ती याची. निरुपयोगी गोळी शरीराला फार अपाय करत नसेलही, पण उपयोगी गोष्टीची जागा ती अडवते.

पुढे ब्राझीलच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला ना? कोणाला आकडे ठाऊक असतील तर टाका.

शुभदा_के

@दर्यावर्दी, ‘टुगेदर’ चाचणी, मार्च २०२२. एकूण १३५८ रुग्ण, दोन्ही गटांत ६७९-६७९. बिघडून रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले किंवा इमर्जन्सी विभागात बराच वेळ ठेवावं लागलेले रुग्ण आयव्हरमेक्टिनच्या गटात १००, दुसऱ्यात १११. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून ‘उपयोग दिसला नाही’ असा निष्कर्ष. ती चाचणी लागण झालेल्यांवर होती, तुमच्याकडची घोषणा लागण होऊ नये म्हणून होती, हा फरकही लक्षात ठेवायला हवा.

मीरा_लीड्स

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. आमच्या वॉर्डात ‘रिकव्हरी’साठी रुग्ण घेतले जात होते, म्हणून आतून पाहिलेलं लिहिते.

मार्च २०२० मध्ये पहिला रुग्ण चाचणीत आला आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. तीन महिने! हे शक्य झालं कारण चाचणी मोजक्या मोठ्या संस्थांत न ठेवता साध्या साध्या रुग्णालयांत नेली होती, आणि कागदपत्रं कमीत कमी ठेवली होती. देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सगळ्या रुग्णालयांना पत्र लिहून सांगितलं होतं की सिद्ध न झालेली औषधं सरसकट देण्याऐवजी रुग्णांना चाचणीत घ्या.

रुग्णाशी बोलण्याची पद्धत मला फार शिकवून गेली. आम्ही सांगायचो, ‘या आजारावर कुठलं औषध चालतं हे आज आम्हाला माहीत नाही. शोधायचा हाच मार्ग आहे. तुम्ही आलात तर तुम्हाला यातलं एखादं मिळेल किंवा नुसते नेहमीचे उपचार मिळतील, आणि ते आमच्या हातात नसेल.’ मला वाटायचं, ‘माहीत नाही’ ऐकून लोक घाबरतील. उलट झालं. धाप लागलेली माणसं मान हलवायची, सही करायची. एक पंजाबी आजी म्हणाल्या होत्या, ‘माझ्या कामी नाही आलं तरी कोणाच्या तरी येईल.’

इथेही सगळं आदर्श नव्हतं. तो जूनचा निकाल आधी पत्रकार परिषदेत सांगितला आणि सविस्तर निबंध काही दिवसांनी आला, त्यावर टीका झाली. पण त्या पहिल्या निवेदनातच तिन्ही गट वेगवेगळे सांगितले होते. ‘ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा नाही’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून त्यात होतं. वाटेत कुठे सांडलं ते बातमीदार यांच्या प्रतिसादातून आता कळतंय.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचं वाचलं. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. तुम्ही म्हणता रेमडेसिवीरचा उपयोग नाही. मग २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच औषध पुन्हा चालेल म्हणून सांगितलं, हे मी वाचलं आहे. आज हो, उद्या नाही, परवा पुन्हा हो. सामान्य माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? गावातली माणसं म्हणतात ‘यांचंच यांना कळत नाही’, तर त्यांचं काय चुकतं?

शुभदा_के

@प्रश्नकर्ता, शंका अगदी रास्त आहे आणि माझ्या मते या धाग्याचा मुख्य प्रश्नच हा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ५६२ माणसं, सगळी घरी असलेली, लक्षणं सुरू होऊन आठवडा न उलटलेली, वय किंवा इतर आजारांमुळे धोका जास्त असलेली. त्यांना लागोपाठ तीन दिवस रेमडेसिवीर शिरेतून दिलं. रुग्णालयात दाखल करावं लागलेले औषधाच्या गटात २७९ पैकी २, दुसऱ्या गटात २८३ पैकी १५. चांगला मोठा फरक. त्यावरून एप्रिल २०२२ मध्ये संघटनेने अशा लोकांपुरता सल्ला बदलला. पुढे ‘सॉलिडॅरिटी’चा अंतिम निकाल आला, त्यात ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांना थोडासा फायदा दिसला. व्हेंटिलेटरवरच्यांना नाहीच.

म्हणजे उत्तर उलटलं नाही, प्रश्न बदलला. विषाणूला मारणारं औषध विषाणू वाढत असताना दिलं तर कामी येतं. दहा-बारा दिवसांनी, फुप्फुसं सुजल्यावर, मारायला विषाणू फारसा उरलेलाच नसतो. प्लाझ्माचंही असंच. अर्जेंटिनात वयस्कर माणसांना पहिल्या तीन दिवसांत, भरपूर प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारे रक्तातले घटक) असलेला प्लाझ्मा दिला तेव्हा श्वसनाचा गंभीर त्रास ३१ टक्क्यांऐवजी १६ टक्क्यांना झाला. १६० जणांचीच चाचणी, लहान. पण तिच्यातले रुग्ण आणि आपल्या एप्रिलच्या निरोपांमधले ‘पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, प्लाझ्मा हवा’ म्हणणारे रुग्ण पूर्ण वेगळे होते.

बातमीत पहिल्यापासून ‘कोणाला, कधी’ असतं तर गावातल्या माणसाला हे उलटसुलट वाटलंच नसतं. ‘रेमडेसिवीर चालतं’, ‘रेमडेसिवीर चालत नाही’, ‘पुन्हा चालतं’ अशा तीन मथळ्यांनी त्याचा विश्वास उडाला. त्यात त्याचा दोष मला दिसत नाही.

गावचा_डॉक्टर

शुभदाताईंचं हे उत्तर छापून दवाखान्यात लावतो. परवानगी असावी.

रानवारा

करोनाबाहेरची एक गोष्ट मांडतो. मी गडचिरोली-चंद्रपूर भागात क्षयरोगाच्या कामात आहे. शुभदाताई म्हणतात नकारात्मक निकाल पोचत नाहीत. माझा अनुभव असा की विकायला काही नसेल तर चांगला निकालही पोचत नाही.

झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकारी. क्षयरुग्णांच्या घरातली १०,३४५ माणसं, त्यातली जवळपास दोन तृतीयांश आदिवासी: संथाळ, हो, मुंडा, उरांव. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. घरच्यांमध्ये दोन गट. एका गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सहा महिने दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटाला नेहमीचंच. दोन वर्षं लक्ष ठेवलं. शिधा न मिळालेल्या ४,७२४ माणसांत १२२ जणांना क्षय झाला, शिधा मिळालेल्या ५,६२१ माणसांत ९६ जणांना. हजारी हिशोबाने साधारण २६ ऐवजी १७. इतर फरक धरून संशोधकांनी काढलेला आकडा: ३९ टक्के घट.

रुग्णांचं तर आणखी बोलकं आहे. उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

ऑगस्ट २०२३ मध्ये घरच्यांचा निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आणि रुग्णांचा ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात. एखाद्या लशीने असा आकडा दाखवला असता तर पहिल्या पानावर आठ कॉलम आले असते. तांदूळ-डाळीची बाजू मांडायला कोण पत्रकार परिषद घेणार? सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाची मदत महिना ५०० वरून १००० रुपये केली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या भागात रुग्णाच्या घरच्यांना अजून वाटतं की ते पैसे म्हणजे गरिबीची मदत आहे. अन्न हा उपचाराचा भाग आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं की तेच पैसे डाळीवर, अंड्यांवर खर्च होतात, हे मी पाहतो.

आणि ३९ टक्क्यांबद्दल: मी गावात कधी टक्के सांगत नाही. ‘आपल्यासारखी हजार माणसं घेतली तर’ असं सुरू करतो. टक्के ऐकले की लोक गप्प होतात, हजार माणसं म्हटलं की प्रश्न विचारतात.

मीरा_लीड्स

रानवारा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. इथे सहकाऱ्यांना सांगते.

सुनंदा_गटप्रवर्तक

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यात आशाताईंची गटप्रवर्तक आहे. मुलगी हा धागा मला वाचून दाखवत होती, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता मराठीत पोचत नाही. आमच्याकडे मराठीत पोचलं तरी पोचत नाही. मराठी शाळेची भाषा. घरात पावरी, भिली. पोस्टर मराठीत येतं, भिंतीवर लागतं, संपलं.

आम्हाला शिकवलेलं एक सांगते. टीबीची गोळी सुरू केली की लघवी नारिंगी होते. टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होते, त्यात धोका काही नाही. पण आधी सांगितलं नाही तर माणूस समजतो रक्त जातंय आणि गोळी बंद करतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं: उद्या लघवी नारिंगी दिसेल, घाबरू नको, तो गोळीचाच रंग समज. दुसरं, दोन महिन्यांत खोकला थांबेल, भूक लागेल, अंगात बळ येईल, तेव्हाच गोळी सोडायची नाही. मग तसंच घडतं, आणि त्याला वाटतं ही बाई खरं बोलली. पुढचं सगळं तो ऐकतो.

करोनाच्या लशीच्या वेळी आम्हाला ‘लस घ्या, सुरक्षित आहे’ एवढंच सांगायला दिलं होतं. ताप येईल, दंड दुखेल, दोन दिवसांत जाईल, हे आधी सांगा असं कोणी म्हटलं नाही. पाड्यात पहिल्या चार जणांना ताप आला आणि बाकीचे डोंगरात निघून गेले. नंतर आमच्या आशांनी स्वतःच आधी तापाचं सांगायला सुरुवात केली, पॅरासिटामॉल हातात देऊन. तेव्हा लोक आले.

बातमीदार

सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद मी संपादकांना वाचून दाखवणार आहे, नाव-गाव न सांगता.

शुभदाताई, एक ठोस विचारतो. रविवारच्या पुरवणीत मला एक छोटा चौकोन मिळू शकतो. तुम्ही संशोधनाचा एक निकाल चार-पाच ओळींत द्या. कोणावर केलं, कशाशी तुलना केली, हजारात किंवा शंभरात किती फरक पडला, कोणाला लागू नाही. ‘फरक पडला नाही’वालेसुद्धा द्या, मी ते अडवू देणार नाही. नमुन्यादाखल एक इथेच लिहाल का? रानवारा यांच्या विषयातलं चालेल.

शुभदा_के

नक्की. हा घ्या पहिला मसुदा. रानवारा आणि डॉक्टरांनी तपासावा.

‘नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर (रिफाम्पिसिन न चालणारा क्षय) सहा महिन्यांचा नवा उपचार आला आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी चार औषधं, सगळी तोंडाने घ्यायची, इंजेक्शन नाही. दक्षिण आफ्रिका, उझबेकिस्तान आणि बेलारूस इथल्या चाचणीत या औषधांनी शंभरातल्या ८९ जणांचा उपचार यशस्वी झाला, तेव्हाच्या जुन्या उपचारांनी ५२ जणांचा. जुना उपचार नऊ ते वीस महिन्यांचा असे. भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये याला मान्यता दिली. चौदा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हा उपचार नाही. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येऊ शकतात, नजर अंधुक होऊ शकते, रक्त कमी होऊ शकतं. असं काही वाटलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सांगा, स्वतःहून औषध थांबवू नका.’

रानवारा

आकडे बरोबर. ती चाचणी लहान होती, प्रत्येक गटात साठ-सत्तर रुग्णांचाच हिशोब, तेवढं घाला. आणि ‘उपचार मोफत, सरकारी क्षयरोग केंद्रातून’ ही ओळ सर्वांत वर हवी. आमच्याकडे औषधाचं नाव ऐकलं की लोक आधी किती एकर विकावं लागेल ते विचारतात.

सुनंदा_गटप्रवर्तक

हे मी पावरीत बोलून रेकॉर्ड करते आणि आशांच्या ग्रुपवर टाकते. आमच्याकडे वाचत नाहीत पण ऐकतात. पण एक अडतं. गरोदर बाईला हा उपचार नाही म्हटलं की ती समजेल आपल्याला उपचारच नाही. मागच्या खेपेला एक बाई असंच ऐकून माहेरी निघून गेली होती. तिच्यासाठी काय आहे ते आधी सांगा, पहिला प्रश्न तोच येणार.

गावचा_डॉक्टर

सुनंदाताई, अगदी बरोबर. तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत. पोटातल्या बाळाचा विचार करून कोणती द्यायची ते जिल्हा क्षयरोग केंद्रातले तज्ज्ञ ठरवतात. उपचार मोफतच. रेकॉर्डिंगमध्ये असं म्हणा: ‘दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांग. तुझ्यासाठी औषध वेगळं आहे, पण औषध आहे.’ शुभदाताई, मसुद्यातलं ‘हा उपचार नाही’ काढून तिथे हेच वाक्य टाका.